न थांबलेला ओळंबा

सव्वीस वर्षं परांचीवर उभं राहून भिंती रचल्या, पण खाली बघताना कधी गरगरलं नाही. आणि तीन महिन्यांपूर्वी घरातल्या घरात, सकाळी चहाचा कप उचलताना, जमीन एकदा डावीकडे गेली नि एकदा उजवीकडे. छाती धडधडायला लागली. आता मी मरणार, एवढंच डोक्यात. पाच मिनिटांनी सगळं जागेवर आलं.

"उपाशीपोटी कामाला पळता, दुसरं काय होणार!" बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोज. परांचीवर चढणं बंद झालं, म्हणजे माझं सगळंच बंद झालं. खाली उभा राहून सूचना देणारा गवंडी कुणाला हवाय?

कानाच्या डॉक्टरांनी मला खाटेवर आडवंतिडवं पाडलं, कानात गार पाणी सोडलं आणि सांगितलं, "कान उत्तम आहेत. मेंदूचं दाखवून घ्या." मेंदूवाल्यांनी हृदयाकडे धाडलं. बायको फाइल पोटाशी धरून माझ्यामागून जिने चढायची. सगळीकडे रिपोर्ट नॉर्मल. शेवटी वाटायला लागलं, कुणीतरी एखादा दणदणीत रोग काढून हातात ठेवावा, म्हणजे सुटलो. नाव नसलेल्या दुखण्यावर बायकोसुद्धा किती दिवस विश्वास ठेवणार?

फाइलमध्ये एकच आकडा बदलत होता. नाडी. कानवाल्यांकडे बहात्तर, मेंदूवाल्यांकडे चौसष्ट, हृदयवाल्यांकडे छप्पन्न.

"कष्टाचं शरीर आहे, चांगलंच आहे की," हृदयवाले म्हणाले.

भिंत एकदम वाकडी जात नाही, थराथराने जाते. हे मला ठाऊक होतं, म्हणून मी घाबरलो.

उरले मनाचे डॉक्टर. पत्ता वाचून हसूच आलं. त्या इमारतीचा दुसरा मजला मीच बांधला होता, हे दुखणं सुरू व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत तिथेच होतो.

बाहेरच्या खोलीत बाकावर बसलो, डोकं मागे भिंतीला टेकवलं आणि गरगरणं थांबलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा. बायकोचा हात धरून मी चारचौघांत रडलो.

"बघा, सापडले ना योग्य डॉक्टर!" तीही डोळे पुसत म्हणाली.

मग भिंतीतून आवाज आला. टक. जरा वेळाने पुन्हा टक.

ती भिंत दुहेरी आहे, मधे पाइपांसाठी वीतभर पोकळी. रचताना मी पोकळीत ओळंबा सोडला होता, वडिलांनी दिलेला, पितळी. दोरीला लटकलेलं ते वजन झुलायचं थांबल्याशिवाय पुढचा थर लावायचा नाही, ही त्यांची पहिली शिकवण. पण शेवटच्या दुपारी मालक खालून ओरडत होता. मी घाईघाईने वरचे थर लावले आणि पोकळीचं तोंड बंद केलं. ओळंबा आत राहिल्याचं घरी गेल्यावर लक्षात आलं. इतक्या वर्षांचा गवंडी, ही चूक सांगणार कुणाला? हरवला म्हणून सांगितलं.

मी भिंत बंद केली तेव्हा तो झुलत होता.

आतल्या खोलीलाही तीच भिंत होती. खुर्ची ओढून मी तिला टेकून बसलो आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीला कान लावून पाहिला.

"पाइप वाजत असेल, मिस्त्री. मनाच्या समाधानासाठी फोडून बघायची का?"

"नको," मी म्हणालो. "पहिल्याच घावाला तो थांबेल."

बायकोने मान खाली घातली. डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं, मग माझं मनगट हातात घेऊन घड्याळाकडे बघत राहिले.

टक.

मी भिंतीतले ठोके मोजत होतो. प्रत्येकाची वाट बघावी लागत होती.

मिनिट भरलं.

"एकेचाळीस," मी म्हणालो.

डॉक्टरांनी वर पाहिलं. "बरोबर. कसं ओळखलंत?"

मी कान भिंतीला लावला. पुढचा ठोका एव्हाना यायला हवा होता.

बायको फाइल उघडून आकडा लिहून घेत होती. डॉक्टरांची बोटं मनगटावर जराशी सरकली, घट्ट दाबली गेली, पुन्हा सरकली, नाडीची जागा चुकली असावी तशी.