दातू मालांगचे गुडघे

तांबडे फुटण्याच्या सुमारास मोन्तेओस्कुरोचा किल्ला दुरून पाहणाऱ्याला डोंगराचाच एखादा सुळका वाटावा, इतका तो काळ्या कातळाशी एकजीव झालेला होता. पण उन्हाची पहिली तिरीप पूर्वेच्या बुरुजावर पडली, तटाच्या जंग्यांतले धुके विरले आणि नदीकाठच्या ऑलिव्हच्या बागांवर त्याची सावली आडवी पसरली, की मग कळे, हे माणसाचे काम आहे, आणि तेही एका गर्विष्ठ माणसाचे. स्पेनच्या माळरानावरच्या या गडाचा धनी, मार्केस हा किताब मिरवणारा डॉन बाल्तासार, तरुणपणी साता समुद्रापलीकडच्या फिलिपीन बेटांवर सेनापती होता. तिथला बुलान नावाचा छोटा किल्ला त्याने जिंकला होता, आणि त्या एका विजयाच्या जोरावर उरलेले आयुष्य तो मिशीला पीळ देत जगला होता.

आज गडावर दरबार भरायचा होता. माद्रिदहून सरदार, मंत्री, धर्माधिकारी, त्यांच्या बायका, सगळे लोटले होते. दिवाणखान्याची सबंध भिंत व्यापणाऱ्या एका चित्रावरचा पडदा आज दूर होणार होता: ‘बुलानचा पाडाव’.

ते चित्र काढणारा फाउस्तिनो मालिग्सी बुरुजावर उभा राहून नदीकडे बघत होता. तो त्या बेटांवरचाच. ताल गावात चर्चच्या भिंतींवर संतांची चित्रे रंगवत मोठा झालेला हा पोरगा रोममध्ये शिकला, माद्रिदच्या प्रदर्शनांत त्याने पदके मिळवली, आणि आता मोठमोठे लोक त्याला जेवायला बोलावत. अर्थात पंगतीत बसवून त्याच्या कातडीच्या रंगाकडे बघतही. त्याने ते सारे गिळले होते. आजच्या दिवसासाठीच गिळले होते.

त्याचे कारण सांगितले पाहिजे. मार्केसने जगाला सांगितलेली हकीकत अशी, की बुलानचा सरदार, म्हणजे तिथल्या भाषेत दातू, मालांग याने गुडघे टेकून आपली तलवार त्याच्या पायाशी ठेवली. फाउस्तिनोचा बाप मार्केसच्याच फौजेत साधा शिपाई होता. त्याने डोळ्यांनी पाहिले होते, की दातूने गुडघे टेकले नाहीत. दरवाज्यात तलवार घेऊन तो उभा राहिला आणि उभ्याउभ्याच गोळ्या झेलून पडला. छावणीत हे बोलल्याबद्दल बापाला चौकात बांधून फटके मारले. त्या माराने तो पुढे अंथरुणातून उठलाच नाही. मरताना पोराला एवढेच म्हणाला, “तो उभा होता, बाळा. मी खोटं बोललो नाही.”

आणि नशिबाचा खेळ असा, की मार्केसने त्या लढाईचे चित्र काढायला नेमके त्याच पोराला बोलावले. त्याच बेटावरच्या माणसाच्या हातून दातू गुडघे टेकताना काढला गेला, की पुन्हा कुणी शंका घेणार नाही, हा त्याचा हिशेब.

फाउस्तिनोने मुजरा करून काम स्वीकारले. महिनोन्‌महिने खपून त्याने तेलरंगात दातू उभाच रंगवला, हातात तलवार, नजर थेट मार्केसच्या डोळ्यांत. ते रंग दगडासारखे वाळू दिले. मग त्यावर डिंकात कालवलेल्या पाण्याच्या रंगाने गुडघे टेकलेला दातू चढवला, आणि मार्केसला तोच दाखवला. मार्केस खूश झाला. त्या देशातली रीत अशी, की चित्र उघडण्याच्या दिवशी चित्रकाराने पाहुण्यांसमक्ष ओल्या स्पंजाने त्यावरची धूळ पुसायची आणि मग वर पारदर्शक रोगणाचा हात द्यायचा. स्पंज फिरला, की पाण्याचा रंग वाहून जाणार, आणि भरदरबारात दातू मालांग उठून उभा राहणार. असा मनसुबा.

हे ठाऊक असलेला दुसरा माणूस एकच: इसाबेलो दिमायुगा. त्याच्याच गावचा, माद्रिदला वकिली शिकणारा. स्पेनमध्ये बेटांवरचा चेहरा आणायचा कुठून? म्हणून दातूचा नमुना म्हणून इसाबेलोच त्याच्यापुढे राहिला होता, आधी उभा, मग गुडघ्यांवर; चित्रातला चेहराही त्याचाच. तो फाउस्तिनोला ‘कुया’ म्हणे, त्यांच्या भाषेत थोरला भाऊ. फाउस्तिनोला सख्खा भाऊ नव्हता. यालाच त्याने भाऊ मानले होते.

“कुया, सगळे जमलेत,” पायऱ्यांवरून इसाबेलोची हाक आली. त्याचा चेहरा उतरलेला होता.

“तू का घाबरतोस? तुझं काम झालं,” फाउस्तिनो हसून म्हणाला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून खाली उतरला.

दिवाणखान्यात भालदारांनी ललकारी दिली. मार्केस छातीवरची पदके सावरत उठला. “मंडळी, ज्या भूमीला आम्ही तलवारीने नमवले, तिच्याच सुपुत्राने आपल्या कुंचल्याने त्याची साक्ष दिली आहे. या साक्षीपुढे आता कोणाची जीभ उचलेल?”

पडदा सरकला. टाळ्यांचा कडकडाट झाला. शिडीवर चढत असलेला फाउस्तिनो मात्र मधल्या पायरीवर थबकला. खिडकीतले ऊन दातूच्या गुडघ्यांवर चमकत होते. पाण्याचा रंग कधी चमकत नाही. पाठोपाठ त्याच्या नाकात ताज्या रोगणाचा उग्र वास शिरला.

तरीही त्याने स्पंज फिरवला. आशा वेडी असते. पाण्याचे थेंब गुडघ्यांवरून घरंगळून खाली गेले. रंगाचा एक कणही हलला नाही. आदल्या सांजेला कुणीतरी अख्ख्या चित्रावर रोगण फिरवून त्या खोट्यावर कायमचे झाकण घातले होते.

फाउस्तिनोने वळून पाहिले. भिंतीशी उभा असलेला इसाबेलो जमिनीकडे बघत होता. एवढे पुरे होते. बापाच्या पाठीवर चाबूक पडताना त्याला जितके दुखले नसेल, तितके फाउस्तिनोला त्या क्षणी दुखले.

मार्केस शिडीपाशी आला आणि ओठ फारसे न हलवता, मधाळ आवाजात म्हणाला, “चित्रकार, आम्हांस सर्व ठाऊक आहे. आपणांस कालच बेड्या ठोकता आल्या असत्या. पण आम्हांस साक्ष हवी, तमाशा नको. खाली उतरा, आमच्या हातून मानाचे पदक घ्या. आपण जन्मभर मोठे राहाल, आणि आजची गोष्ट आपल्या दोघांतच राहील.”

“सरकारांचे उपकार आहेत,” फाउस्तिनो म्हणाला. “पण माझ्या बापालाही आपण असेच गप्प बसायला सांगितले होते.”

स्पंजाने काम झाले असते, तर ते चोरून झाले असते. धूळ पुसताना रंग गेला, असे म्हणून कदाचित सुटताही आले असते. आता तो आडोसा उरला नव्हता. रोगण पातळ करायला ठेवलेली टर्पेंटाइनची बाटली त्याने उचलली, दाताने बूच काढले, गळ्यातला रेशमी रुमाल त्यात भिजवला आणि सगळ्या दरबारादेखत दातूच्या गुडघ्यांवर घासू लागला. ताजे रोगण पाघळले. त्यामागून ओला स्पंज फिरला, आणि वाकलेले गुडघे गढूळ पाणी होऊन चौकटीवर ओघळले.

खालच्या तेलरंगातले दोन पाय दिसू लागले. उंबरठ्यात रोवलेले, सरळ, न हललेले.

“हा काय प्रकार आहे?” एक वृद्ध सरदार ओरडला.

“बुलानचा दातू उभा होता, महाराज!” फाउस्तिनो गरजला. “शिपाई दोमिंगो मालिग्सीने पाहिलं होतं! मी त्याचा मुलगा!”

“खेचा त्याला!” मार्केसचा मधाळपणा गळून पडला. पहारेकरी शिडीला भिडले. पुसता पुसता फाउस्तिनोचा हात चित्रातल्या दातूच्या कमरेपर्यंत पोचला होता, खालच्या रंगातल्या तलवारीची मूठ दिसू लागली होती, तेवढ्यात शिडी ओढली गेली आणि तो फरशीवर आदळला. बायका किंचाळल्या. धर्माधिकाऱ्यांनी छातीवर क्रूस काढला. वर मात्र दातूचे धड वाकलेले आणि पाय ताठ, असे काहीतरी विचित्र उरले होते, आणि दरबारातले सगळे त्या पायांकडेच बघत होते.

चौकशी झाली. “कट कोणाचा?” या प्रश्नाला फाउस्तिनोने एकच उत्तर दिले, “माझा एकट्याचा.” खालच्या उभ्या दातूसाठीही इसाबेलोच राहिला होता, म्हणजे कटात तोही होता, हे त्याने सांगितले असते, तर तोही बुडाला असता. त्याने सांगितले नाही. हे औदार्य होते की तिरस्कार, ते त्याचे त्यालाच ठाऊक. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सेउता गडावर हद्दपारी ठरली.

गाडी निघायच्या आधी इसाबेलो गजांपाशी आला.

“कुया, माझा भाऊ तिकडे दूर समुद्रात, मारियानासच्या बेटावर सरकारच्या कैदेत सडतोय. मार्केस त्याला सोडवतो म्हणाले. तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही, पदक मिळेल म्हणाले. मी शपथ घ्यायला लावली होती त्यांना!”

“सोडला?”

इसाबेलोला हुंदका आवरेना. “चित्र बिघडलं, आता करार संपला, असं म्हणतात.”

भावासाठी माणूस काय करेल, हे फाउस्तिनोला कळत नव्हते असे नाही. पण कळणे वेगळे आणि पोटात घालणे वेगळे.

“मला विचारलं असतंस, इसाबेलो, तर तुझ्या भावासाठी मी स्वतःच्या हाताने रोगण फासलं असतं,” तो म्हणाला. “गुडघ्यांवर बसून तुझे पाय भरून यायचे, म्हणून मी खाली माझा कोट अंथरत होतो. आता तिथे कोट अंथरणारा कोणी नाही. जा.”

मार्केसने दुसरा चित्रकार आणून गुडघे पुन्हा रंगवून घेतले, या खेपेला तेलरंगात. चेहऱ्याला हात लावायची गरजच नव्हती. इसाबेलो माद्रिदमध्येच राहिला, आणि गडावर जाऊन आलेले पाहुणे त्याला रस्त्यात ओळखून एकमेकांना कोपराने ढोसत, “हाच बघ तो, मार्केसच्या पायाशी बसलेला.”

सेउताच्या तटबंदीत एका भिंतीवर फाउस्तिनोने कोळशाने पुन्हा दातू काढला, पुरुषभर उंच, पाय रोवून उभा, हातात तलवार. कैदी येता-जाता त्याला हात लावून जात. चेहऱ्याची जागा मात्र त्याने कोरी ठेवली होती. एका म्हाताऱ्या कैद्याने न राहवून विचारले, “मास्तर, एवढा वीर काढलात, याला तोंड का नाही?”

“ज्याचं होतं,” फाउस्तिनो म्हणाला, “तो अजून गुडघे टेकून बसलाय.”