अजून नऊ जण

पाण्याचा पाइप माझ्या हातात होता आणि समोर काळ्या पाइनच्या कुंड्यांची दाट रांग. तिच्यापलीकडे कुणी वाकून बसलं असेल, हे मला कसं कळणार?

"आई गं...!"

झाडांमागून एक तरुण उठला. चष्म्यावरून, नाकावरून, हनुवटीवरून पाणी निथळत होतं. छातीशी मात्र त्याने एक पिशवी तान्ह्या मुलासारखी घट्ट धरली होती.

"माफ करा हं! पण तुम्ही आमच्या बागेत असे लपून–"

"लपलो नव्हतो. मुळं बघत होतो." ओल्या सदऱ्याने पुसल्यावर त्याचा चष्मा आणखीच धूसर झाला. "मी हिरासे. ओमिया शहरातल्या एका बोन्साय संग्रहालयातून आलोय. ओनिशी मास्तरांचा आवाज रेकॉर्ड करायला."

माझं हसू तिथेच थांबलं. मास्तर म्हणजे माझे बाबा. त्यांच्या घशात गाठ होती. जूनअखेरीला ऑपरेशन, आणि त्यात स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. आमच्या घरात चार पिढ्या बोन्साय झाले, पण कागदावर कुणी एक ओळ लिहिली नाही. जे होतं ते सगळं बाबांच्या तोंडात.

तीन आठवडे हिरासे रोज येत राहिला. पडवीत बाबांसमोर यंत्र ठेवायचा, मान तिरकी करून ऐकायचा. मी उदोनच्या जाड शेवयांचे वाडगे आणून ठेवले की बाबा घोगऱ्या आवाजात म्हणायचे, "चिनात्सु, याला अजून वाढ गं. आपली कुंडीतली झाडं याच्यापेक्षा धट्टीकट्टी आहेत. पाणी नको घालूस फक्त... ते तू पहिल्याच दिवशी घातलंयस."

हिरासेचे कान लाल व्हायचे. माझेही होत असावेत.

एकदा बाबांनी युद्धातली गोष्ट सांगितली. मीसुद्धा ती पहिल्यांदाच ऐकत होते. बागा खणून रताळी लावा, असा हुकूम आला, तेव्हा आजोबांनी चाळीस पाइन गावाच्या स्मशानात थडग्यांमध्ये नेऊन लावले. आजी रोज बादल्या भरून तिकडे न्यायची. अधिकाऱ्याने हटकलं, तर म्हणाली, "काय करू साहेब, आमच्या मेलेल्यांना फार तहान लागते!"

बाबा हसता हसता खोकले. खोकला थांबेना. हिरासेने यंत्र बंद केलं आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला... फार हळू, आपल्याच बापाच्या पाठीवरून फिरवावा तसा. माझं मन तेव्हाच त्याच्यावर जडलं.

संध्याकाळी मी त्याला फांदीला तांब्याची तार गुंडाळायला शिकवायचे.

"एवढी आवळू नका. वळ उठतात."

"मग किती?"

"अशी..." माझी बोटं त्याच्या बोटांवर आली. दोघांनीही काढली नाहीत.

"माणसांनाही लावता का हो तार?"

"छे! काहीतरीच."

"बरं झालं," तो झाडाकडेच बघत म्हणाला. "नाहीतरी मी केव्हाच वाकलोय."

ऑपरेशन झालं. बाबा घरी आले, पाटीवर खडूने बोलायला शिकले. जुलैत हिरासेचं पत्र आलं. रेकॉर्डिंग नीट लावून झालंय, चार दिवस ऐकायला याल का? मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'जा.' मी घुटमळले, तर त्याखाली दोन रेघा मारल्या.

मी गेले. ते चार दिवस... दिवसभर बाबांचा आवाज ऐकायचा, आणि संध्याकाळी झाडांच्या सावलीतून हिरासेचा हात धरून चालायचं. एवढं सुख मला माहीतच नव्हतं.

चौथ्या दिवशी शेजारणीचा फोन आला. भर उन्हात पाणी घालताना बाबा कुंड्या मांडलेल्या दोन फळ्यांच्या मधे पडले होते. मांडीचं हाड मोडलं. पलीकडच्या वाटेने माणसं जात-येत होती, पण हाक कशी मारणार? जवळजवळ दोन तास ते तसेच पडून होते. पोस्टमनला पाय दिसले म्हणून वाचले.

हिरासे माझ्याबरोबरच आला. आठवडाभर इस्पितळ आणि बाग दोन्ही सांभाळली. बाबांना घरी आणलं त्या दिवशी तो मला म्हणाला, "मी नोकरी सोडतो. इथेच राहतो. नीट पाणी घालायला शिकायलाच तीन वर्षं लागतात म्हणे... लागू देत."

मला 'हो' म्हणायचं होतं. ते अगदी ओठांवर होतं. पण त्याच्या टेबलावरची यादी मी ओमियात पाहिली होती. जुने बोन्साय करणारे अजून नऊ जण, नऊ गावांत. सर्वांत तरुण एकोणऐंशीचे. दहाव्या नावावर रेघ होती. हिरासे पोचण्याआधीच ते गेले होते.

"त्या नऊ जणांचं कोण ऐकणार?" मी विचारलं.

"जाईल दुसरं कुणीतरी."

"आहे दुसरं कुणी?"

त्याने नकारार्थी मान हलवली. मग हळूच म्हणाला, "आणि माझं कोण ऐकणार, चिनात्सुसान?"

चारशे झाडं आणि बिछान्यातले बाबा सोडून मला हलता येत नव्हतं, आणि तो इथे थांबला तर ती नऊ माणसं न बोलताच जाणार होती.

स्टेशनवर बारीक पाऊस होता. गाडी दिसायला लागली तसा तो म्हणाला, "अजूनही सांगा. राहू?"

"तू मला फार आवडतोस," मी म्हणाले. "म्हणून जा."

इतक्या दिवसांत मी त्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. त्याचा चेहरा उजळला, आणि लगेच काहीतरी तुटल्यासारखा झाला. आत चढून, दार लागल्यावर, तो निरोपासाठी कमरेत वाकला. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्याने मान वर केली नाही.

घरी आले तेव्हा बाबा उशीवर डोकं उंचावून दाराकडे बघत होते. माझ्या मागे आणखी कुणी आत येईल म्हणून त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. मग भिंतीकडे कूस वळवली. त्यांचे खांदे गदगदत होते. बाबा रडत होते, पण आवाज येत नव्हता.

मी त्यांच्या पाठीला डोकं टेकलं आणि रडले... मोठ्याने, दोघांच्याही वाटचं.