लावणीतली मोकळी जागा

निजामाच्या अमदानीत धारूरचा गहिनीनाथ वाड्यावस्त्यांवर जाऊन देवीची लस टोचायचा. श्रावणातल्या एका सकाळी तो बालाघाटातल्या लमाणांच्या तांड्यावर निघाला, तेव्हा बायकोचे, शिवकन्येचे दिवस भरले होते. आधीची दोन बाळं तो फिरतीवर असतानाच गेली होती. दिवस मावळायच्या आत येतो, असा शब्द त्यानं तिला दिला.

तांड्यावर कुणी नव्हतं. सगळी माणसं वरच्या उतारावर, पायऱ्यांसारख्या चढत गेलेल्या खाचरांत भात लावत होती. जोंधळ्याच्या मुलखात भात! गहिनीनाथ बघतच राहिला. धुकं खाली आलं होतं, चिखलाचा उग्र वास होता आणि कुणी चकार शब्द काढत नव्हतं. रांगेत मधोमध एक जागा मोकळी होती, तिथं रोपांची जुडी ठेवलेली. आपण हात लावला तर लवकर उरकेल, पोरं टोचून वेळेत घर गाठू, असं म्हणत हा भला माणूस धोतर खोचून त्या जागेवर उभा राहिला.

रांगेत शेजारी असलेली म्हातारी छबुबाई थबकली, मग पुन्हा वाकून रोपं लावू लागली. गहिनीनाथनं जन्मात भात लावला नव्हता. हात मात्र सराईतासारखे चालले होते, आणि ते कसं, हे त्याला उमगेना.

रांग संपल्यावर छबुबाई हळूच म्हणाली, "ती जागा माझ्या लेकाची व्हती, साहेब. औंदा गेला तो. सालभर मोकळी ठिवतो आमी."

"मला ठावं न्हवतं, याडी..." तो बोलून गेला आणि चपापला. आईला याडी म्हणतात, हे त्याला कुणी शिकवलं होतं?

"आता तो मोकळा झाला," ती म्हणाली. "तुमी जा... बिगीनं जा."

टोचणी तशीच राहिली. धुक्यात वाट चुकत, धडपडत तो दिवेलागणीला घरी पोचला. दारात भामाबाई सुईण उभी होती.

"सुटली का ती?"

"सुटली. लेकरू ठणठणीत हाय."

गहिनीनाथला रडूच फुटलं. तो आत शिरणार, तोच तिनं हात आडवा धरला.

"तुमी कोण? घरधनी दुपारीच आलेत. लेकराला घिऊन बसलेत."

"मी... मीच गहिनीनाथ..."

"कावून थट्टा करता?"

आत शिवकन्या हसल्याचं ऐकू आलं. मग त्याचा स्वतःचाच आवाज आला, बाळाला जोजवणारा. अंगाई लमाणी बोलीतली होती, आणि दाराबाहेर उभ्या गहिनीनाथला तिचा शब्द न् शब्द कळत होता.