चार बोटांची पोकळी

"हिचे हात काचेवरच उमटू दे. भिंतीला शिवू देऊ नको."

सासूबाई आपल्या लेकाला, वरदला कुजबुजल्या, ते माप ओलांडायच्या आधीच मैथिलीनं ऐकलं. नवरीची मान खाली असली की तिचे कानही बंद असतात, असं पालमच्या, तिच्या सासरगावच्या माणसांना वाटत असावं.

मग तिचे हळदीचे दोन्ही तळवे दाराशेजारच्या काळ्या काचेवर उमटले. रस्त्याकडची अख्खी भिंत वरदनं लग्नाआधी काचेनं मढवून घेतली होती. "भिंतीला चिकटवत न्हाईत," तो कौतुकानं सांगायचा. "सांगाड्यावर टांगत्यात. मागं चार बोटं पोकळी. पावसाचं पाणी खालच्या फटीतनं जातं, भिंत कोरडी ऱ्हाती." काचेला मागून काळा रंग. आतलं बाहेर दिसायची सोयच नव्हती. काचेत दिसायची ती फक्त येणारी-जाणारी एसटी.

आत काय झाकलंय, ते धुणंभांडी करणाऱ्या कस्तुराबाईनं सांगितलं. "तुमच्या थोरल्या जावंचे हळदीचे हात हायत भिंतीवर, बबिताबाईचे. लग्नाला वरीस न्हाई झालं, गेली. कशानं, इचारू नगा. कितीबी चुना मारा, हात पुन्ना उमटायचे... तुमी जपून ऱ्हावा."

लग्नानंतरच्या पूजेच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, सासूबाईंनी काच पुसायला सांगितली. नेमकी लाईट गेलेली. मैथिलीनं चार्जिंगचा दिवा पायरीवर ठेवला, फडकं पिळलं. डाव्या हाताचा ठसा एका फटक्यात निघाला. उजव्याचा निघेना. तिनं नख फिरवलं. काच गुळगुळीत होती; हळद मागच्या काळ्या रंगातून झिरपली होती.

ठसा आतून होता.

पावसाचा महिनाभर पत्ता नव्हता, तरी खालच्या फटीतून ठिबकत होतं... टप्... टप्... ओल्या हळदीचा वास येत होता.

न राहवून तिनं आपला तळवा त्यावर टेकवला. काच गार असायला हवी होती. ती कोमट होती. मग पलीकडून एकेक बोट तिच्या बोटांना येऊन भिडलं... आणि हात सुटेना.

"झालं का गं?" सासूबाई दारात आल्या. मागं वरद. दोघांची नजर तिच्या हातावर गेली, खाली पायरीवरच्या पिवळ्या ओघळावर गेली. पुढं कुणीच येईना.

"बोल की! आल्यापासनं तोंडात मूग धरून बसलीस..." सासूबाईंचा आवाज चिरकला.

मैथिलीनं कान काचेला लावला. बराच वेळ ऐकलं. मग मान वर करून म्हणाली,

"आत्या, इकडं या. बबिताताई तुमाला बोलवायल्यात."