एलादियोची पाळी

नदीकाठच्या कॉन्सेप्सियोन गावात दुपारची जेवणं आटोपली की माणसं सोडाच, कुत्रीसुद्धा रस्त्यावर दिसत नाहीत. त्या दिवशी पतपेढीच्या बंद कचेरीत मात्र तिथले कॉम्प्युटर सांभाळणारा विल्फ्रिदो सर्व्हरपुढे घाम पुसत बसला होता. सोबतीला त्याची बायको सुनिल्दा, तिथलीच रोखपाल.

तिचा कॉम्प्युटर सकाळपासून जोडलाच जाईना. सर्व्हर प्रत्येक कॉम्प्युटरला नेटवर्कवरचा ठरावीक मुदतीचा पत्ता देतो. मुदत वाढवून मागितली नाही, तर तो पत्ता दुसऱ्याला जातो. सुनिल्दाचा पत्ता भलत्याच यंत्राने धरून ठेवला होता, आणि ते मुदत वाढवून मागतच होतं. यंत्राचं नाव, एलादियो.

एलादियो म्हणजे सुनिल्दाचा पहिला नवरा. ही सगळी जोडणी त्यानेच केलेली. तो नदीत बुडाला, त्यानंतर त्याचा कॉम्प्युटर विल्फ्रिदोने स्वतःच्या हाताने भंगारात दिला होता.

"मेल्यावरसुद्धा पिच्छा सोडत नाही!"

"असं नको ना बोलू. त्याने तुझं काय घोडं मारलंय?"

काय घोडं मारलंय! झोपेत ही अजून त्याचंच नाव घेते. विल्फ्रिदोच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने ती नोंदच पुसून टाकली. सुनिल्दाचा कॉम्प्युटर लगेच जोडला गेला, पण तिचा चेहरा काही खुलला नाही.

तिने तेरेरेने, पाळीपाळीने प्यायच्या पानांच्या थंडगार काढ्याने, नळी घातलेला शिंगाचा पेला भरला आणि रिकाम्या खुर्चीपुढे धरला. खोलीत नदीच्या गाळाचा वास आला.

"हा... कुणाला?"

"त्याला. आपल्यात पिणारा 'ग्रासियास', आभार, म्हणेपर्यंत त्याची पाळी संपत नाही ना? म्हटलं, की पेला त्याला वगळून पुढे जातो. तो न म्हणताच उठून नदीवर गेला रे... म्हणून भरते."

"रोज?"

तिने पेला खुर्चीपुढे तसाच धरून ठेवला.

विल्फ्रिदोने पेला हिसकावला, नळीने घटाघटा ओढला आणि तिच्या हातात आदळला. "ग्रासियास! त्याच्या वतीने मीच म्हणतो. संपली एकदाची पाळी!"

सुनिल्दाने शांतपणे पेला पुन्हा भरला. विल्फ्रिदोने हात पुढे केला. पेला त्याच्या हाताला वळसा घालून पुढे गेला.

"सुनिल्दा... मला..."

तिने वर पाहिलंच नाही. त्याने तिचा खांदा हलवला. तिने डास झटकावा तसा खांदा झटकला.

रिकाम्या खुर्चीसमोर पेल्यातली नळी तळापर्यंत खुरखुरली. आणि सुनिल्दा त्या खुर्चीकडे बघून हसली... लग्न झाल्यापासून विल्फ्रिदोकडे बघून ती एकदाही हसली नव्हती, तशी.