पुस्तक रिकामं देत नाहीत

सुतक फिटलं त्या दिवशी गल्लीतल्या बायका पुस्तकं परत द्यायला आल्या, आणि आपली बायको शालन गेली हे अण्णा चौगुल्यांना दुसऱ्यांदा कळलं.

पहिल्यांदा दवाखान्यात कळलं होतं. तेव्हा धावपळ होती, माणसं होती, रडायला सवडच नव्हती. आज त्यांनी एक पुस्तक मांडीवर घेतलं, पहिलं पान उलटलं आणि तिच्या आवाजाची वाट बघितली. पुस्तक बोलू लागलं, "एक होती खारूताई." आवाज शेजारच्या पद्माचा होता.

दुसरं उघडलं. त्यात हुल्ल्यांची सून. तिसऱ्यात कुणा म्हाताऱ्याचा घोगरा आवाज, मधेच खोकला.

"हे काय केलंत गं?"

पद्मा अजून दारातच उभी होती. "वाचून दिलंय की, अण्णा. काकूंचं पुस्तक तसंच कसं द्यायचं? शेजारचं भांडं तरी आपण कधी रिकामं देतो का? मीच सगळ्यांना सांगितलं, प्रत्येकीनं आपला आवाज घालूनच द्या म्हणून."

इचलकरंजीच्या त्या गल्लीत ही बोलती पुस्तकं शालननेच आणली होती. दिसायला साधी चित्रांची पुस्तकं. पण पानांच्या जाडीत केसाहून बारीक तारा विणलेल्या असत. मोठ्या माणसाने पुस्तक मोठ्याने वाचलं, वाचता वाचता मुलांशी बोललं, की त्याचा आवाज आणि बोलायची ढब त्या तारांत उतरे. मग मुलाने एकट्याने पान उघडलं तरी पुस्तक त्याच ढबीने गोष्ट सांगे, मुलाने काही विचारलं तर उत्तरही देई. मुलांचं बोलणं बाहेर फुटू नये म्हणून पुस्तकाला इंटरनेटचं जाळं जोडलेलं नव्हतं, त्यातलं काही काढूनही घेता येत नसे. एका पुस्तकात एकच आवाज मावे. दुसऱ्या कुणी पूर्ण वाचलं की आधीचा जाई.

गल्लीतले आईबाप यंत्रमागावर पाळ्या करणारे. म्हणून शालन प्रत्येक पुस्तक स्वतः वाचून मगच घरी देई. खोटं बोलू नये, चूक झाली तर सांगावं, दुसऱ्यालाही एक घास द्यावा, असलं काहीतरी प्रत्येक पुस्तकात असे. पण शिकवतेय असं ती कुणाला वाटू देत नसे. एका घरचं वाचून झालं की पुस्तक पुढच्या घरी.

पद्माच्या ध्यानात हळूहळू आलं. "म्हणजे काकूंचा आवाज... सगळ्यातला गेला? अहो अण्णा, त्या दर वेळी नव्यानं वाचायच्या. मला काय ठाऊक, आता..."

"चहा घेतेस का?" अण्णा म्हणाले.

ती डोळ्यांना पदर लावून निघून गेली. मोबाईलमध्ये शालनचा आवाज होता, पण तो ठरलेलं तेवढंच बोलायचा. येताना कोथिंबीर आणा, एवढंच. त्याला काही विचारता येत नव्हतं.

अण्णांनी पुस्तकं कपाटात लावली तेव्हा एक कमी भरलं. रुसलेल्या वासराचं. ते सबिताकडे होतं. सबिता ओडिशाहून आलेली, नवऱ्यापाठोपाठ सूतगिरणीत लागलेली, गल्लीच्या टोकाला राहणारी. अण्णा चपला घालून निघाले.

सबिताने त्यांना बघितलं आणि आधी हातच जोडले. "अण्णा, माफ करा. पद्माताई बोलली, खाली, रिकामं पुस्तक देत नाही. मला मराठी वाचायला येत नाही. खाली कसं देऊ? म्हणून ठेवलं."

अण्णा उंबऱ्यावरच बसले. आत तिची चार वर्षांची लिपी पालथी पडून पुस्तक बघत होती आणि शालन तिला विचारत होती, "वासरू का रुसलंय, सांग बघू?"

"त्याची आई चरायला गेली ना," लिपी म्हणाली. गल्लीत वाढलेली ती, अस्सल इथलंच बोलायची.

"मग रुसून कोपऱ्यात बसलं तर कुणाला कळंल का? तोंड उघडून सांगाय नको?"

अण्णा पुढे झाले. पुस्तकावर वाकून हलकेच म्हणाले, "शालन."

पुस्तक म्हणालं, "काय झालं बाळा? तूपण रुसलास होय? कुठं दुखतंय, सांग बघू."

ती त्यांना ओळखत नव्हती. पुस्तकाने आजवर तिला मुलांशीच बोलताना ऐकलेलं. सगळा संसार तिच्याबरोबर केलेल्या माणसाला काय म्हणायचं, ते त्यात नव्हतंच. अण्णांना सांगायचं होतं. तोंड उघडलं, आणि रडूच फुटलं.

"आजी, अण्णा रडायल्यात," लिपीने चहाडी केली.

"रडू दे गं. तू जवळ बस जा त्याच्या."

लिपी उठली आणि अण्णांना खेटून बसली.

सबिता पदराने पुस्तक पुसून त्यांच्यापुढे धरत म्हणाली, "घेऊन जा अण्णा. तुमचंच आहे."

"नको. दमत चाललंय ते," अण्णा म्हणाले. तारांतला आवाज कायमचा राहत नसे. वापर होईल तसा झिजे, आणि मिटून ठेवला तरी काही महिन्यांत विरे. म्हणून तर शालन दर खेपेला नव्याने वाचायची. "माझा आवाज घालावा लागंल. रविवारी येतो, वाचतो. मग पुढं पद्माच्या नातीला देऊ."

"तुम्ही हळू वाचा हं," लिपीने बजावलं. "तुम्ही मागावरच्यासारखं ओरडून बोलता. वासरू भिईल."

अण्णा हसले. शालन गेल्यापासून पहिल्यांदाच.

रविवारी ते गेले. पुस्तक हातात घेतलं, चष्मा लावला, आणि तसंच लिपीकडे परत दिलं. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी जातात. गोष्ट ऐकतात आणि उठून येतात. परवा लिपीने विचारलं, "आजी हल्ली एवढ्या हळू का बोलतात?" त्यांनी पुढचं पान उलटलं. शालनचा आवाज आपोआप विरेपर्यंत थांबायचं, की तो असताना आपणच त्याच्यावर वाचायचं? यातलं कमी वाईट कोणतं, हे त्यांना ठरवता येत नाही.

पद्माची नात दोनदा विचारून गेली. रुसलेल्या वासराचं पुस्तक अण्णांनी अजून वाचलेलं नाही.