राखाडी चौकोन

आमच्या घरात एक खेळ होता. तो आणखी कुणाच्या घरात खेळला गेल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. जेवणं आटोपली की आत्या हातात आरसा घेऊन बसायची आणि विचारायची, "चला, आज कुठल्या देशाला जायचं?" दादा आणि मी तिच्यासमोर मांडी घालून बसायचो. मग ती आम्हाला कुठल्यातरी लांबच्या भाषेतला एखादा आवाज काढायला शिकवायची. तिकीट नाही, सामान नाही, सगळा प्रवास तोंडातल्या तोंडात.

आत्या कॉलेजात ध्वनिशास्त्र शिकवायची. बोलताना माणसं जीभ, ओठ, टाळू आणि घसा कसा वापरतात, हा तिचा विषय. तिने लग्न केलं नव्हतं. ती आमच्याकडेच राहायची आणि आईबाबा कामावरून येईपर्यंत आम्ही तिच्या ताब्यात असायचो. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून 'प' म्हणायचं, मग 'फ' म्हणायचं. 'फ'ला पट्टी फडफडायची. घशावर हात ठेवून 'स' लांबवला तर घसा गप्प, 'म' लांबवला की आत भुंगा. दादा घोडा हाकल्यासारखा जिभेने टक् करून दाखवायचा आणि आम्ही हसून लोळायचो. आत्या म्हणायची, "दात काय काढताय? काही भाषांत हे अक्षर आहे, तुमच्या 'क'सारखं."

एकदा तिने मला पाटीवर 'जग' लिहायला लावलं. मी लिहिलं. "वाच." मी भूगोलातलं जग वाचलं. "चूक. मी तुला जगायला सांगत होते." मी रडकुंडीला आले, तेव्हा तिने मला जवळ ओढलं आणि सांगितलं, की लिहिताना असा घोटाळा होतो म्हणूनच जगातल्या प्रत्येक आवाजासाठी वेगळं चिन्ह आहे. एका आवाजाला एकच चिन्ह. त्या चिन्हांना आम्ही नावं ठेवली होती. उलटं पडलेलं इंग्रजी ई म्हणजे पालथं बाळ. शेपटीवाला एन म्हणजे माकड. खालचा ठिपका हरवलेलं प्रश्नचिन्ह म्हणजे विसराळू मास्तर.

या सगळ्या चिन्हांचा तक्ता तिच्या खोलीत भिंतीवर होता. त्यात काही चौकोन रिकामे होते. ते आवाज तोंडाला जमतील, पण कुठल्याच भाषेने अजून वापरलेले नाहीत, असं ती सांगायची. आणि काही चौकोन राखाडी रंगाने भरलेले होते.

"हे?"

"हे माणसाच्या तोंडाला जमणारच नाहीत. समज, घसा तळाशी पूर्ण बंद केलास आणि नाकातून आवाज काढायला गेलीस. हवा नाकापर्यंत पोचणार कुठून? खालचं दार लावून घ्यायचं आणि जिना चढायचा, असं झालं ते."

मी आणि दादाने आठवडाभर प्रयत्न केला. दादाला उचकी लागली, एवढंच.

पुढे मी वाचा-उपचाराचं शिक्षण घेतलं. ज्यांची वाचा अडली आहे त्यांना बोलतं करणं, हा माझा व्यवसाय. कुणाचं तोंड बघून आत जीभ कुठे अडखळते ते मी सांगू शकते, आणि त्यातलं निम्मं श्रेय त्या आरशाचं आहे. सवयही तिथलीच. रोग्याने काढलेला प्रत्येक आवाज मी चिन्हांत उतरवून घेते.

आत्याला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ती निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ती दादाकडे राहत होती, गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी दर सकाळी क्लिनिक उघडण्याआधी तिच्याकडे जायचे आणि तिच्यासमोर आरसा धरायचे. जिने मला ओठ मिटायला शिकवलं, तिला मी 'म' म्हणायला शिकवत होते. ती माझ्याकडे बघायची आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्याही यायचं. मग दादा आत डोकावून म्हणायचा, "झालं का दोघींचं? का अजून एक बादली आणू?"

काही महिने गेले आणि एका सकाळी ती बोलली.

ते शब्द नव्हते. पण नुसती बडबडही नव्हती. मेंदूला इजा झालेली माणसं कधीकधी अर्थ नसलेलं भराभर बोलतात. ते मी खूप ऐकलंय, त्यात तेच तेच तुकडे पुन्हा येतात. आत्याचं तसं नव्हतं. ती सावकाश बोलायची. स्वर चढवून विचारल्यासारखं काही म्हणायची, थांबायची, मान हलवायची, पुन्हा बोलायची. मला इतका आनंद झाला की मी दादाला मिठी मारली. आवाज तर आला! शब्द येतील मागून.

मी तिचं बोलणं फोनवर टिपून घेतलं आणि घरी बसून ते चिन्हांत उतरवू लागले. बरेचसे आवाज ओळखीचे होते, आमच्याच लहानपणच्या प्रवासातले. काही रिकाम्या चौकोनांतले होते. एक मात्र कुठेच बसेना. मी तो पुन्हा पुन्हा ऐकला. घसा तळाशी बंद होताना स्पष्ट ऐकू येत होता, आणि त्याच क्षणी नाकातून एक लांब, खोल आवाज निघत होता.

मी स्वतःला सांगितलं की मायक्रोफोन जुना झालाय.

ठमी माझ्याकडे येऊ लागली ती त्याच सुमारास. चार वर्षांची होती. कान उत्तम, बुद्धी तल्लख, पण जन्मल्यापासून एक शब्द बोललेली नव्हती. "नाव ठमी ठेवलं म्हणजे तरी बडबडी होईल असं वाटलं होतं," तिची आई पहिल्या दिवशी हसून म्हणाली आणि लगेच दुसरीकडे बघू लागली. आई शिवणकाम करायची. मी ठमीला शिकवत असताना ती भिंतीशी खुर्चीत बसून बटणं लावायची. "मला फक्त आई म्हणाली ना," ती मला एकदा म्हणाली, "की पुढे जन्मभर गप्प बसली तरी चालेल."

एका दुपारी ठमी चटईवर ठोकळे रचत होती. अचानक ती थांबली, तोंड किंचित उघडलं, आणि तिच्या नाकातून तोच आवाज आला.

माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. ठमीच्या आईने बटण सोडून वर पाहिलं. "बोलली का हो ती?"

"आवाज काढला," मी म्हटलं. "चांगली खूण आहे." खोटं नव्हतं ते.

आत्या घराबाहेर पडत नव्हती. ठमीची आई दादाच्या भागात कधी गेलेली नव्हती. मी आडून आडून विचारून घेतलं. आत्याचा आवाज मी क्लिनिकमध्ये कधी लावला नव्हता. मी ठमीच्या आईला सांगितलं की घरी ठमी असं काही बोलली तर फोनवर टिपून ठेवा. दादालाही आत्याचं दिवसभराचं टिपायला सांगितलं होतंच.

रविवारी दोघांनी मला फाइली पाठवल्या. सोमवारी क्लिनिक उघडून मी त्या कॉम्प्युटरवर घेतल्या आणि एक लावली. आत्या बोलली, थांबली. त्या मधल्या जागेत ठमी बोलली. मला वाटलं मी काहीतरी चुकीचं दाबलं. खरंच दाबलं होतं. दोन्ही फाइली एकदम चालू झाल्या होत्या. मी बंद करायला हात पुढे केला आणि तसाच राहू दिला.

आत्याने विचारलं. ठमीने सांगितलं. आत्याने हुंकार दिला. ठमी काहीतरी लांबलचक बोलली, मध्येच अडखळली, आत्याने तो आवाज हळू, सुटा करून पुन्हा म्हणून दाखवला, आम्हाला दाखवायची तसा. ठमीने तो बरोबर म्हटला. मग दोघी एकदम हसल्या.

दोन्ही फाइली एकाच दुपारच्या होत्या. सुरुवातीची वेळही एकच.

संध्याकाळी दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "दोन गाणी एकदम लावली तरी कुठेतरी जुळतातच."

"तू ऐक तरी."

त्याने हेडफोन कानाला लावले. थोडा वेळ ऐकलं आणि काढून टेबलावर ठेवले. "मला यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "पण ती खूश आहे ना? मग राहू दे."

राहू देणं मला जमलं नाही. दुसऱ्या सकाळी मी आत्याजवळ बसले. खिडकीतून ऊन आलं होतं. मी विचारलं, "आत्या, कुणाशी बोलतेस गं?"

ती हसली. अर्ध्या चेहऱ्याचं का होईना, पण तेच जुनं हसू, आज कुठल्या देशाला जायचं असं विचारतानाचं. तिने डाव्या हाताने माझा हात धरला आणि स्वतःच्या घशावर ठेवला. लहानपणी ठेवायची तसाच. वाटलं, आता ती 'म' म्हणणार, मला आत भुंगा लागणार.

ती बोलू लागली. तो खोल, लांब आवाज खोलीभर झाला. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरलं.

तिच्या घशात काहीच हलत नव्हतं.

मी बोटं दाबून पाहिली. नाडी लागली. त्वचा ऊबदार होती. घसा गप्प होता, आणि आवाज येतच होता.

मी हात काढून घेतला.

आत्या थांबली. तिने माझ्या हनुवटीखाली बोट लावलं आणि माझं तोंड किंचित उघडू पाहिलं, जीभ कुठे ठेवायची ते दाखवायला. मी मान मागे घेतली. म्हटलं, "नको आत्या. क्लिनिकला उशीर होतोय." तिने बोट काढून घेतलं. मग तिने खिडकीकडे तोंड केलं आणि दुसऱ्याच कुणाशीतरी बोलणं पुढे चालू केलं.

पंधरवड्याने ती गेली. दुपारी, दादा जवळ असताना. बोलता बोलता थांबली, आणि दादाला वाटलं की ती ऐकतेय. तो तिच्या उत्तराची वाट बघत कितीतरी वेळ बसून राहिला.

घरातलं सगळं आवरून मी कामावर परतले तेव्हा ठमीच्या आईचा फोन आला. ठमी गप्प झाली होती. खात होती, खेळत होती, पण आवाज म्हणून नाही. "मॅडम, इतकं छान चाललं होतं," आई म्हणाली. "आता ती नुसती दाराकडे बघत बसते. माझ्याकडून काही चुकलं का?"

"तुमच्याकडून काही चुकलेलं नाही. घेऊन या तिला."

ती आली. मी चटईवर बसले, ठमीला समोर बसवलं आणि आमच्यामध्ये आरसा उभा केला. आई भिंतीशी खुर्चीत बसली. फरशीवर उन्हाचा चौकोन पडला होता. ठमी आरशात बघेना. माझ्याकडे बघत होती. मी तिचा हात हातात घेतला. लहान, थंड हात होता.

तिने तोंड उघडलं. एक आवाज. दुसरा. चढत गेलेला स्वर, प्रश्न असल्यासारखा.

मग ती थांबली.

मी काय करणार होते? मला ती भाषा येत नव्हती. मी तिचा हात धरून बसून राहिले आणि मला आत्या आठवली. कागदाची पट्टी, दादाची उचकी, तिच्या मांडीचा ऊबदारपणा. वाटलं, त्या सकाळी मी मान मागे घेतली नसती तर. एवढाच विचार मनात आला. क्षणभर.

ठमीने माझ्या कुशीत तोंड खुपसलं. तिचे गाल ओले होते. मग ती मागे वळली, आईकडे पाहिलं आणि स्पष्ट म्हणाली, "आई."

आईच्या हातातला शर्ट गळून पडला. ती धावत आली, ठमीला उचललं आणि रडत, हसत तिचे मुके घेऊ लागली. ठमी पुन्हा म्हणाली, "आई." मीही रडत होते. आम्हा तिघींना सावरायला वेळ लागला.

निघताना आई दारात थांबली. "मॅडम, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की."

"तुम्ही तिला एवढं काय सांगितलंत? तुम्ही बोलत होतात तेव्हा मला मध्ये पडायचं धाडसच झालं नाही. पण तुम्हाला ती भाषा येते, हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"मी?" मी म्हटलं. "मी कुठे काय बोलले?"

तिला वाटलं मी थट्टा करतेय. ती हसली, ठमीला घट्ट धरून जिना उतरून गेली.

मी आत आले. फरशीवर आता ऊन नव्हतं, खोलीत दिवा लावायची वेळ झाली होती. मी पेल्यात पाणी ओतलं. घसा कोरडा पडला होता, दुखत होता, दिवसभर वर्गात शिकवून आलेल्या माणसाचा दुखतो तसा.